ब्लॅकबर्नचा क्लब, पुण्याचे मालक : हा वाद नेमका आहे कशाचा?

७ मे २०१२ ची संध्याकाळ. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात इवुड पार्क मैदानावर ब्लॅकबर्न रोव्हर्सचा सामना विगन ॲथलेटिकशी चालू होता. रोव्हर्स हरले तर प्रीमियर लीग या इंग्लंडमधल्या सर्वोच्च श्रेणीतून बाहेर जाणार, अशी वेळ आलेली. सामना चालू असताना प्रेक्षकांतून कुणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगाभोवती क्लबच्या रंगांचं निशाण गुंडाळलेलं होतं. खेळ थांबला, कोंबडीला बाहेर नेलं, खेळ पुन्हा सुरू झाला. रोव्हर्स ०-१ ने हरले आणि सलग ११ मोसम प्रीमियर लीगमध्ये काढल्यानंतर खालच्या श्रेणीत गेले.

कोंबडीच का सोडली? कारण क्लबचे मालक कोंबड्यांच्या धंद्यातले होते, आणि ते पुण्याचे होते. वेंकीज हे नाव आपल्याला दुकानाच्या फ्रीजरमधल्या पाकिटांवरून माहीत आहे. ब्लॅकबर्नमध्ये मात्र हे नाव गेली पंधरा वर्षं भिंतींवर, फलकांवर आणि घोषणांमध्ये 'चालते व्हा' या अर्थानेच घेतलं जातं. पैसे लुबाडले म्हणून लोक चिडले, असं समजणं सोपं आहे. पण या मालकांनी क्लबमधून पैसे काढले नाहीत, उलट पाण्यासारखे ओतले. तरीही राग ओसरत नाही. तो का, हे समजून घ्यायचं तर मुळापासून सुरुवात करावी लागेल.

गावाचा क्लब

ब्लॅकबर्न हे गिरण्यांचं शहर. सूतकताईचं जेनी यंत्र ज्या जेम्स हारग्रीव्ह्जने बनवलं, तो याच परिसरातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही ब्लॅकबर्नच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या कापडाचा मोठा वाटा हिंदुस्थानात येणाऱ्या धोतरांचा होता. मुंबई-कलकत्त्याच्या बाजारावर त्या शहराची चूल पेटायची. पुढे इथल्या गिरण्या वाढल्या, स्वदेशीची चळवळ जोरात आली आणि तिथले माग थंडावले. गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये शेजारच्याच डार्वेन गावी गिरणी कामगारांना भेटायला गेले होते, ते याच पार्श्वभूमीवर. इवुड पार्क ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला, डार्वेनच्या बाजूला आहे. आज शहरातल्या मोठ्या वस्तीची मुळं गुजरात आणि पाकिस्तानात आहेत. म्हणजे भारताशी या शहराचा संबंध वेंकीजपासून सुरू झालेला नाही.

रोव्हर्सची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, तिच्याही संस्थापकांत तो होता. एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली मानाची बाद स्पर्धा, सहा वेळा आणि लीगचं विजेतेपद तीन वेळा. लाख-सव्वा लाख वस्तीच्या शहराने हे मिळवलं, हे लक्षात घेतलं तर तिथल्या लोकांच्या अभिमानाचा अंदाज येतो.

तिसरं विजेतेपद १९९५ चं, आणि त्याच्यामागे एक माणूस होता. जॅक वॉकर. ब्लॅकबर्नचाच. वडिलांचा पत्र्याचा छोटा धंदा त्याने पोलादाच्या मोठ्या व्यवसायात नेला, १९८९ मध्ये तो ब्रिटिश स्टीलला विकला आणि १९९१ मध्ये लहानपणापासून ज्या क्लबवर जीव होता, तो क्लबच ताब्यात घेतला. केनी डाल्ग्लिशला मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, म्हणून आणलं, ॲलन शिअररला त्या वेळच्या ब्रिटिश विक्रमी किमतीत घेतलं, मैदानाच्या बाजू नव्याने बांधल्या. १४ मे १९९५ ला लिव्हरपूलच्या मैदानावर रोव्हर्स २-१ ने हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि एका गुणाने विजेतेपद ब्लॅकबर्नला आलं.

या गोष्टीत पुढच्या दुखण्याचं बीज आहे, आणि चाहत्यांनाही ते मान्य करायला जड जातं. क्लबचा खर्च क्लबच्या कमाईतून भागत नव्हता, एका माणसाच्या खिशातून भागत होता. वॉकर गावचा होता, सामन्याला यायचा, लोक त्याला रस्त्यात थांबवून बोलू शकायचे, म्हणून ते कुणाला खुपलं नाही. ऑगस्ट २००० मध्ये तो गेला. त्याच्यानंतर क्लब त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे राहिला. ट्रस्टला दरवर्षी पैसे घालत बसायचं नव्हतं, क्लब विकायचा होता.

पुण्याहून खरेदी

वेंकीज हे ज्याचं नाव, तो व्यंकटेश्वरा हॅचरीज समूह डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत सुरू केला. पुढे त्याचं मुख्यालय पुण्यात आलं. भारतातला कोंबडीपालनाचा धंदा घरामागच्या खुराड्यातून बाहेर काढून उद्योग म्हणून उभा करण्यात राव यांचा वाटा फार मोठा. अंड्याचा भाव व्यापाऱ्यांऐवजी उत्पादकांनी ठरवावा म्हणून १९८२ मध्ये उभी राहिलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती हेही त्यांचंच काम. रविवार असो की सोमवार, रोज अंडी खा, असं सांगणारी जाहिरात आपल्या पिढ्यांना पाठ आहे, ती याच समितीची. १९९६ मध्ये राव वारले आणि समूह त्यांच्या मुलांकडे आला. अनुराधा देसाई अध्यक्ष झाल्या, वेंकटेश राव आणि बालाजी राव त्यांच्यासोबत.

हे सांगायचं कारण एवढंच की हे कुणी रातोरात पैसा मिळवलेले लोक नव्हते. आपल्या क्षेत्रात त्यांचा शब्द चालत होता. फुटबॉल हे त्यांचं क्षेत्र नव्हतं.

नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी वॉकर ट्रस्टकडून क्लबचे जवळपास सगळे शेअर २ कोटी ३० लाख पौंडांना घेतले, आणि क्लबवरचं कर्जही अंगावर घेतलं. रुपयांत बोलायचं तर शेअरची किंमत दीडशे कोटींच्या थोडी वर. जगभर दाखवल्या जाणाऱ्या लीगमधला क्लब या किमतीत मिळणं म्हणजे आंतरराष्ट्रीय जाहिरातीसाठी चांगला सौदा, असा हिशेब दिसतो. पहिल्या चार-पाच क्रमांकांत यायचं, रोनाल्डिन्योसारखा खेळाडू आणायचा, अशी बोलणी मालकांकडून सुरू झाली. रोनाल्डिन्यो आला नाही. तो ब्राझीलला परत गेला.

मालकी आल्यावर चार आठवडेही झाले नव्हते, तोच १३ डिसेंबरला मॅनेजर सॅम अलार्डाइसला काढलं. त्या दिवशी संघ तेराव्या क्रमांकावर होता. ब्लॅकबर्नच्या खर्चाच्या मानाने ती जागा वाईट नव्हती. त्याच्या जागी आला स्टीव्ह कीन. तो तोवर प्रशिक्षकांपैकी एक होता, वरिष्ठ संघाचा मॅनेजर म्हणून त्याने कधी काम केलं नव्हतं. क्लबच्या खरेदीत मालकांना सल्ला देणाऱ्यांच्या वर्तुळात जो खेळाडूंचा एजंट होता, तोच कीनचाही एजंट होता. क्लब वर्षानुवर्षं जपून चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स आणि व्यवस्थापकीय संचालक टॉम फिन काही महिन्यांतच बाहेर पडले. मॅनेजरला काढताना संचालक मंडळाला विश्वासात घेतलं नव्हतं, ही त्यांची तक्रार पुढे वर्तमानपत्रांतून बाहेर आली.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वात महागडी चूक हीच. तोटा नंतर झाला, घसरण नंतर झाली. पण ज्या माणसांना लँकेशरमध्ये क्लब कसा चालतो हे माहीत होतं, ती माणसं पहिल्या काही महिन्यांत गेली आणि मालकांच्या कानाशी बाहेरचे सल्लागार राहिले. पोल्ट्रीत पिढी घालवलेल्या माणसाने परक्या धंद्यात उतरताना आधी त्या धंद्यातला जाणता माणूस धरून ठेवायचा असतो, हे राव कुटुंबाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या स्वतःच्या उद्योगात ते तसंच करत आले असतील.

२०११ च्या मे महिन्यात संघ शेवटच्या दिवशी कसाबसा वाचला. उन्हाळ्यात तरुण बचावपटू फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. त्याच वर्षी भारतातल्या टीव्हीसाठी एक जाहिरात झाली. त्यात रोव्हर्सचे खेळाडू सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडीच्या तंगड्या खाताना दिसतात. ऑक्टोबरमध्ये संघ पुण्याला आला आणि बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून ३-० ने जिंकून गेला. आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींसाठी तो मोठा दिवस होता, प्रीमियर लीगचा संघ दाराशी आला होता. ब्लॅकबर्नच्या माणसाला मात्र गुणतक्त्यात तळाशी असलेला आपला संघ मोसमाच्या मध्यात पुण्याला गेलेला दिसत होता. एकाच घटनेकडे दोन शहरं किती वेगळ्या नजरेने बघत होती, हे यातून कळतं. संघ तळाला असतानाच कीनला नवा करारही मिळाला. घरच्या प्रत्येक सामन्यात त्याच्या नावाने घोषणा होत होत्या. मे २०१२ मध्ये तो कोंबडीचा दिवस आला.

एका मोसमात तीन मॅनेजर

खाली गेल्यावर सावरायला हवं होतं. झालं उलट. सप्टेंबर २०१२ मध्ये कीन गेला. १९९५ च्या विजेत्या संघातला हेनिंग बर्ग आला, तो ५७ दिवस टिकला. मग मायकल ॲपलटन, तो ६७ दिवस. बर्गने करारातल्या उरलेल्या पैशांसाठी मँचेस्टरमध्ये उच्च न्यायालयात दावा लावला. तिथे क्लबने जी बाजू मांडली ती वाचण्यासारखी आहे. आमच्याच व्यवस्थापकीय संचालकाने मालकांच्या परवानगीशिवाय हा करार केला, असं क्लबचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते ऐकलं नाही. एप्रिल २०१३ मध्ये बर्गला साडेबावीस लाख पौंड देण्याचा आदेश झाला.

या एका खटल्यात क्लबची अवस्था दिसते. ब्लॅकबर्नमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला सही करायचा अधिकार आहे की नाही, हेच कुणाला धड माहीत नव्हतं. निर्णय पुण्यात होणार, त्याची वाट ब्लॅकबर्नमध्ये बघायची, आणि मध्ये कोण कुणाला विचारतं याचा पत्ता नाही.

त्या काळात खर्चही बेसुमार झाला. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, असताना जॉर्डन ऱ्होड्स या आघाडीवीरासाठी सुमारे ८० लाख पौंड मोजले. २०१३-१४ च्या वर्षात क्लबचा तोटा ४ कोटी पौंडांच्या वर गेला. लीगच्या नियमांत त्या वर्षी जास्तीत जास्त ८० लाखांचा तोटा चालत होता. शिक्षा म्हणून डिसेंबर २०१४ पासून वर्षभर खेळाडू विकत घ्यायला बंदी आली. ७ मे २०१७ ला, पहिल्या घसरणीला बरोबर पाच वर्षं होत असताना, रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत घसरले. शेवटचा सामना ब्रेंटफर्डमध्ये ३-१ ने जिंकूनही. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही ५१ गुण, रोव्हर्सचेही ५१. केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकाने, म्हणजे गोलफरकाने, गेले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

टोनी मोब्रे नावाच्या शांत मॅनेजरने पुढच्याच वर्षी संघ वर आणला आणि तो पाच वर्षं राहिला. ही वर्षं तुलनेने बरी गेली, कारण मालकांनी एका माणसाला काम करू दिलं.

पैसा घालतात, तरी तोटा का?

इथे इंग्लिश फुटबॉलचा पैसा कसा फिरतो ते थोडं बघू. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या क्रमांकाच्या क्लबलाही टीव्हीच्या हक्कांतून आता वर्षाला १० कोटी पौंडांच्या आसपास मिळतात. एक पायरी खाली, चॅम्पियनशिपमध्ये, तोच आकडा त्याच्या दहाव्या भागाच्या आगेमागे येतो. वरून घसरलेल्या क्लबांना काही वर्षं आधाराची रक्कम मिळते, ती संपली की संपली. त्यामुळे सगळ्यांना वर जायचं असतं, आणि वर जाण्यासाठी बरेचसे क्लब कमाईपेक्षा जास्त पगार वाटतात. फरक मालक भरतो.

रोव्हर्सची वर्षाची कमाई अलीकडे २ कोटी पौंडांच्या आसपास असते. खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगारच त्याहून जास्त. इवुड पार्कमध्ये ३१ हजार माणसं मावतात, सामन्याला येतात साधारण त्याच्या निम्मी. ही तूट दरवर्षी पुण्याहून भरली जाते. आजवर घातलेल्या रकमेचा अंदाज २० कोटी पौंडांच्या वर आहे, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांहून अधिक. यातला बराच भाग बिनव्याजी कर्जाच्या रूपात आला आणि त्यातलं काही कर्ज पुढे शेअरमध्ये बदललं.

म्हणून 'वेंकीजने क्लब लुटला' हे वाक्य खरं नाही. इंग्लंडमध्येही जबाबदारीने लिहिणारा माणूस ते म्हणत नाही. वेंकीज उद्या पैसे थांबवून मोकळे झाले आणि नवा मालक मिळाला नाही, तर क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे जाईल, लीग १२ गुण कापेल, पुन्हा खालची पायरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी चाहत्यांची स्थिती आहे.

मग राग कशाचा? मालक दिसत नाहीत याचा. राव कुटुंबातलं कुणी वर्षानुवर्षं इवुड पार्कवर फिरकलेलं नाही. क्लब वर नेण्याचा त्यांचा विचार आहे की फक्त चालू ठेवण्याचा, हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. पैसा येतो, पण तो कुठल्या बेताने येतो हे कळत नाही. २०२३ च्या जानेवारीत खेळाडू-खरेदीच्या शेवटच्या दिवशी लुइस ओब्रायनला उसना घ्यायचं ठरलं, कागदपत्रं वेळेत पोचली नाहीत, व्यवहार फिसकटला. त्या मोसमात रोव्हर्स आणि संडरलँड दोघांचे ६९ गुण झाले आणि वर जाण्यासाठीच्या प्लेऑफ या बाद फेरीतली शेवटची जागा गोलफरकावर संडरलँडला गेली. पुढच्या जानेवारीत अमेरिकेहून डंकन मॅकग्वायर येणार होता, पुन्हा कागदपत्रांत चूक, पुन्हा व्यवहार रद्द. सलग दोन वर्षं हीच चूक होते, तेव्हा ती एका कारकुनाची राहत नाही. वर लक्ष घालणारं कुणी नाही, असा तिचा अर्थ लोकांनी लावला. तो अर्थ मला पटतो.

आणि मग दिल्लीचं उच्च न्यायालय

गेल्या काही वर्षांत या गोष्टीला एक नवं वळण लागलं आणि ते समजायला इंग्रज चाहत्यांपेक्षा आपल्याला सोपं जातं. भारतातल्या कंपनीला परदेशातल्या कंपनीत पैसे घालायचे तर परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, आणि रिझर्व्ह बँकेचे नियम पाळावे लागतात. कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या किती पट रक्कम बाहेर नेता येईल याला मर्यादा आहे, कशासाठी नेली हे सांगावं लागतं. वेंकीजच्या अशा व्यवहारांबाबत सक्तवसुली संचालनालयाने, आपल्या रोजच्या भाषेत ईडीने, चौकशी सुरू केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २०२३ पासून क्लबसाठी पैसे पाठवायचे तर न्यायालयाची परवानगी घ्यायची, आणि रकमेपोटी बँकेची हमी द्यायची, अशी व्यवस्था लागू झाली. चौकशी म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे, आणि ती मालकांच्या भारतातल्या कंपनीविषयी आहे, क्लबविषयी नाही. हा फरक तिथल्या घोषणांच्या गदारोळात हरवतो.

पण परिणाम क्लबवरच झाला. आधी मालकाचा धनादेश हुकमी होता, आता त्याला तारखा लागल्या. दिल्लीत सुनावणी पुढे गेली की ब्लॅकबर्नमधला मॅनेजर जानेवारीत काय खरेदी करायचं याचा विचार सोडून देई. तारीख पे तारीख म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. लँकेशरमधल्या लोकांना 'हमी', 'ना-हरकत', 'पुढील सुनावणी' हे नव्याने शिकावं लागलं. तिथली स्थानिक वर्तमानपत्रं दिल्लीच्या न्यायालयाचा दिवसाचा फलक वाचू लागली.

त्याच दिवसांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेला, क्लबच्या अकादमीत वाढलेला मुलगा. किंमत १ कोटी ८० लाख पौंड आणि पुढे वाढीव. चार महिन्यांनी तो युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात होता. त्याच उन्हाळ्यात लीगमध्ये २७ गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरलेला सॅमी स्मॉडिक्स इप्सविचला गेला. छोट्या क्लबने खेळाडू घडवून विकणं यात गैर काही नाही, बरेच क्लब त्यावरच चालतात. पण विकून आलेला पैसा नवा संघ बांधायला वापरला तर ते धोरण, आणि पगाराची तूट भरायला वापरला तर ती घरातली भांडी विकून भाडं भरण्याची गत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तर नवलच झालं. रोव्हर्स प्लेऑफच्या जागांत होते आणि मॅनेजर जॉन यूस्टेस क्लब सोडून घसरणीच्या खाईत असलेल्या डार्बीला गेला. डार्बी त्याचा जुना क्लब, हे खरं. तरीही वर चढणारा संघ सोडून बुडत्या संघाकडे माणूस जातो, तेव्हा त्याला इथलं भविष्य काय दिसत होतं, हा प्रश्न प्रत्येक चाहत्याच्या मनात आला. मोसम सातव्या क्रमांकावर संपला, प्लेऑफ दोन गुणांनी हुकली. त्याच मे महिन्यात महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली, कारण त्या श्रेणीच्या परवान्यासाठी लागणाऱ्या सोयी आणि खर्च क्लब करणार नव्हता. कीरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून या इंग्लंडच्या युरोविजेत्या खेळाडू कोवळ्या वयात या क्लबकडून खेळलेल्या आहेत. पुरुष संघाच्या खर्चापुढे महिला संघाचा खर्च किरकोळ असतो. तिथे हात आखडता घेतला गेला, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

परके म्हणून, की दूरचे म्हणून?

भारतीय मालक आहेत म्हणून गोऱ्यांना खुपतं, असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. काही घोषणांमध्ये तो वास होता, नाकारून उपयोग नाही. पण हे उत्तर पुरं पडत नाही. लेस्टरचे मालक थायलंडचे श्रीवद्धनप्रभा कुटुंब. विचाई श्रीवद्धनप्रभा यांचं २०१८ मध्ये मैदानाबाहेर हेलिकॉप्टर अपघातात निधन झालं, तेव्हा अख्खं शहर रडलं. ते सामन्यांना यायचे, लोकांत मिसळायचे. उलट ब्लॅकबर्नपासून जवळच असलेल्या बरी या १८८५ च्या क्लबला २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आलं, तेव्हा मालक इंग्रजच होता, आणि त्याने तो क्लब एका पौंडाला घेतला होता. शेफील्ड वेन्सडेचे थाई मालक वेळेवर पगार देऊ शकले नाहीत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो क्लब प्रशासकाकडे गेला. पासपोर्ट बघून चांगला-वाईट मालक ओळखता येत नाही.

आपल्याकडे समजायला सोपं जावं म्हणून सहकारी साखर कारखाना आठवा. तो तोट्यात जातो, लिलावात निघतो, बाहेरचा कुणी घेतो. कागदावर तो आता त्याचा असतो. पण ज्यांच्या वडिलांनी शेअर घेतले, ज्यांचा ऊस तिथे गेला, त्यांच्या लेखी तो 'आपला कारखाना'च राहतो. चिमणीतून धूर निघाला नाही तर त्यांच्या पोटात गोळा येतो, नव्या मालकाच्या नाही. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची गोष्ट जवळपास अशीच आहे, फक्त चाहत्याकडे शेअर नसतो. कायद्याने क्लब ही खासगी कंपनी, मालकाने ती कुणालाही विकावी.

जर्मनीत यावर तोडगा आहे. तिथे क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून एक मत जास्त राहिलंच पाहिजे, त्यामुळे पैसेवाला येऊ शकतो पण क्लब गिळू शकत नाही. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं फक्त मालकाची पात्रता-चाचणी होती. गुन्हा, दिवाळखोरी वगैरे काही आहे का, एवढंच ती बघायची. वेंकीज त्यात सहज बसले. फुटबॉल कळतं का, योजना काय, शहराशी बोलणार का, हे कुणी विचारलंच नाही. विचारायचा कुणाला अधिकारच नव्हता.

बरीचं मरण आणि २०२१ मध्ये काही बड्या क्लबांनी घातलेला वेगळ्या युरोपियन सुपर लीगचा घाट, यांनंतर ब्रिटिश सरकारने चाहत्यांना बरोबर घेऊन आढावा घेतला. जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा मंजूर झाला आणि स्वतंत्र नियामक आला. वरच्या पाच श्रेणींतल्या पुरुष संघांच्या क्लबांना आता त्याच्याकडून परवाना घ्यावा लागणार आहे. क्लबने पैसा कुठून येणार याची योजना द्यायची, मालकाचा निधी अडकला तर काय, याचं उत्तर द्यायचं. मैदान विकणं, चिन्ह किंवा घरच्या कपड्यांचे रंग बदलणं असल्या गोष्टी चाहत्यांना डावलून करता येणार नाहीत. हा नियम वाऱ्यावरचा नाही. कार्डिफच्या मलेशियन मालकाने २०१२ मध्ये निळ्या क्लबला लाल कपडे घातले होते, ते जानेवारी २०१५ मध्ये परत निळे झाले.

नियामक क्लबला सामने जिंकून देणार नाही. पुण्याहून कुणाला विमानात बसवून इवुड पार्कला आणायचा अधिकारही त्याला नाही. पण चाहत्यांशी ठराविक वेळाने बसून बोलणं ही आता परवान्याची अट असणार आहे, आणि ज्या क्लबचा निधी दुसऱ्या देशातल्या न्यायालयाच्या तारखेवर अवलंबून राहिला, त्याला पर्यायी तजवीज कागदावर दाखवावी लागेल. ब्लॅकबर्नचे चाहते २०१० पासून जे प्रश्न पुण्याला विचारत आले, त्यांतले बरेचसे यापुढे लेखी अर्जातले रकाने असतील, आणि ते कोरे ठेवून परवाना मिळणार नाही.